आतली खुर्ची

फेब्रुवारीतल्या एका सकाळी, तालीम ऐन रंगात आलेली असताना, माझ्या हातून एकाऐवजी दोन पानं उलटली गेली.

हिवाळ्यात बोटं कोरडी पडतात, कागद हाताला लागत नाही, असं व्हायचंच. समोर भलतंच पान आलं. मी व्हायोलिनचा गज हवेत धरून चिकटलेली पानं सोडवायला लागले. शेजारी डॉन सेल्सो मात्र वाजवत होते. नजर समोरच्या पानावर, चेहरा शांत, आणि सूर अन् सूर बरोबर. ज्या पानाकडे ते टक लावून बघत होते, त्यावर त्या सुरांपैकी एकही नव्हता.

मी पान जागेवर आणलं, आपण कुठे आहोत ते हुडकलं आणि पुन्हा वाजवायला लागले. पान संपत आलं तसे ते ओठ न हलवता पुटपुटले, "उलट, मुली."

मला काय सुचलं कोण जाणे. मी हात नुसता पुढे नेला आणि मागे घेतला. पान उलटलंच नाही.

"शाबास," ते म्हणाले. "आता वेळेवर उलटायला लागलीस."

पुढचं पान मला पाठ नव्हतं, म्हणून मी गज नुसता हलवत राहिले. माझ्या शेजारचा माणूस मात्र, ज्याला समोरचं काहीही दिसत नव्हतं, तो एकही चूक न करता वाजवत होता.

ही गोष्ट उत्तर स्पेनमधल्या सान तेल्मो नावाच्या बंदराची, १९९८ सालची. मी आग्नेस तुस्कानो, वसईजवळच्या नंदाखालची. लहानपणी पॅरिशच्या, म्हणजे गावातल्या चर्चच्या, बँडात पप्पांच्या मांडीला मांडी लावून व्हायोलिन शिकले, मग मुंबई, मग शिष्यवृत्तीवर माद्रिद. तिथून पडद्यामागची परीक्षा देऊन सान तेल्मोच्या सिंफनी ऑर्केस्ट्रात लागले. पडद्यामागची म्हणजे परीक्षकांना उमेदवार दिसत नाही, नुसता ऐकू येतो. पडदा दूर झाल्यावर माझा वसईचा सावळा चेहरा बघून एकजण म्हणाला, "अरेच्चा!" तेवढंच. आग्नेसला तिकडे इनेस म्हणतात, म्हणून मी इनेस झाले.

नोकरी मिळाली, पण कच्ची. पहिलं वर्ष कसोटीचं. जूनमध्ये आमच्या विभागातले, म्हणजे दुसऱ्या व्हायोलिनच्या गटातले सगळे वादक मत देणार, ही मुलगी ठेवायची की नाही. विभागाची प्रमुख ओलाया. उंच, काटकुळी, कानाची इतकी तिखट की दहा जणांत कोणाची तार केसभर उतरलीय ते मागे वळून न बघता सांगायची. तिला मी टरकून होते.

आता खुर्च्यांचं सांगते, कारण सगळं त्यावरच आहे. व्हायोलिनवाले दोघं दोघं बसतात आणि दोघांत पानं ठेवायचा एकच स्टँड असतो. प्रेक्षकांकडच्या बाहेरच्या खुर्चीवर ज्येष्ठ, आतल्या खुर्चीवर कनिष्ठ. पान उलटायचं आतल्याने. त्या दोन क्षणांत तो वाजवायचं थांबतो आणि बाहेरचा वाजवत राहतो, म्हणजे श्रोत्यांना खंड जाणवत नाही. तालमीत मेस्त्रोंनी, म्हणजे समोर उभं राहून ऑर्केस्ट्रा चालवणाऱ्यांनी, काही बदल सांगितला तर पेन्सिलीने खूण करायची तीही आतल्याने. थोडक्यात, आतला हा सासरच्या धाकट्या सुनेसारखा. कामं सगळी त्याची, नाव बाहेरच्याचं.

माझ्या बाहेरच्या खुर्चीवर डॉन सेल्सो. तिकडे वडीलधाऱ्या माणसाच्या नावाआधी डॉन लावतात, आपण राव लावतो तसं. बाकी सगळे एकमेकांना सर्रास अरेतुरे करायचे, माझ्या जिभेला मात्र ते कधी जमलं नाही. पासष्टीला आलेला माणूस, पांढऱ्याशुभ्र मिशा, रोज इस्त्रीचा शर्ट. ऑर्केस्ट्रा उभा राहिला तेव्हा ते पंधरा वर्षांचे होते, आणि त्या पहिल्या खेपेतले आता ते एकटेच वाजवत होते. मे महिन्यात ऑर्केस्ट्राला पन्नास वर्षं होणार होती आणि जुलैत डॉन सेल्सो निवृत्त होणार होते.

त्या दिवशी तालीम सुटल्यावर ते नेहमीसारखे माझा हात धरून जिना उतरले. मी सप्टेंबरपासून समजत होते की ही स्पॅनिश पुरुषांची आदब! खाली आल्यावर मी विचारलं, "डॉन सेल्सो, केव्हापासून?"

ते थांबले. "काय केव्हापासून?"

"मी पान उलटलं नव्हतं. तुम्ही शाबास म्हणालात."

त्यांनी जिन्याचा कठडा चाचपला. मग म्हणाले, "चल, कॉफी पाज मला. असल्या गोष्टी उभ्याने सांगत नाहीत."

कॉफीच्या दुकानात त्यांनी सांगितलं. तीन वर्षं झाली होती. डोळ्याच्या पडद्याचा मधलाच भाग निकामी झाला होता. कडेकडेचं दिसायचं, पण जिथे बघावं तिथेच नेमका करडा डाग. "तुझ्या कानाकडे बघितलं तर मला तुझं नाक दिसतं," ते म्हणाले. "रस्ता दिसतो, माणसं दिसतात, मेस्त्रोंचा हात हललेला कळतो. सूर दिसत नाहीत. फार बारीक असतात ना."

"मग वाजवता कसे?"

"पन्नास वर्षं तेच तेच वाजवतोय, पोरी. तुला रोजची प्रार्थना वाचून म्हणावी लागते का?"

"आणि नवीन काही आलं तर?"

ते मिशीत हसले. "नवीन काही आलं की मला फ्लू होतो."

खरंच की. ऑक्टोबरात एक नवी रचना होती तेव्हा डॉन सेल्सो नेमके आठवडाभर आजारी होते आणि मी त्यांच्यासाठी सूप घेऊन गेले होते. मी कपाळावर हात मारून घेतला.

"पण मेमध्ये फ्लू होऊन चालणार नाही," ते म्हणाले. आता हसत नव्हते. "पन्नासाव्या वर्षाच्या कार्यक्रमात मला त्या खुर्चीवर बसायचंय, इनेस. दुसरं काही मागत नाही. कळलं तर डॉक्टरकडे धाडतील, दुसऱ्या दिवशी घरी बसवतील, आणि त्यांचं चुकेल असंही नाही. पेन्शन मिळेलच. पण त्या दिवशी मी खाली प्रेक्षकांत बसलेला असेन."

मी म्हटलं, "नवीन रचना आहे त्या दिवशी."

"तेच तर."

ती रचना खास त्या दिवसासाठी लिओनच्या एका तरुण संगीतकार बाईने लिहिली होती. नाव 'पन्नास ओहोट्या', लांबी सव्वीस मिनिटं. कोणी कधी ऐकलेली नाही, त्यामुळे पाठ असण्याचा प्रश्नच नव्हता.

आता शहाण्या मुलीने काय केलं असतं? कच्ची नोकरी, तिखट प्रमुख, जूनमध्ये मतदान. तिने तोंडात मूग धरले असते. मी म्हटलं, "मी गाऊन दाखवते. तुम्ही पाठ करा."

ते माझ्या कानाकडे बघत राहिले. म्हणजे माझ्या तोंडाकडे.

मार्चपासून रोज दुपारी मी त्यांच्या घरी जायला लागले. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. खालच्या मजल्यावर त्यांची भाची नीवेस राहायची. ती डाळीचं वाडगं ठेवून जायची आणि आमच्याकडे संशयाने बघायची. स्पेनमध्ये मुलांच्या हातात वाद्य देण्याआधी त्यांना दोन-दोन वर्षं नुसती सुरांची नावं गायला लावतात, एका हाताने ताल धरून. दो, रे, मी, फा. डॉन सेल्सो त्या मुशीतले. मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर पानं पसरून एकेक ओळ गायची, त्यांनी डोळे मिटून ती परत गायची, मग व्हायोलिनवर वाजवायची. दिवसाला बारा ओळी झाल्या की आम्ही खुश. दुसऱ्या दिवशी त्यातल्या चार विसरलेल्या असायच्या.

"म्हातारं गाढव," ते स्वतःला म्हणायचे. "पुन्हा सांग."

मधेच दमले की जुन्या गोष्टी निघायच्या. ऑर्केस्ट्राची पहिली तालीम मासळीच्या लिलावाच्या शेडमध्ये झाली होती. लिलाव संपला की फरशी धुवायची आणि ओल्या फरशीवर खुर्च्या मांडायच्या. वाजवणारे कोण, तर एक न्हावी, कस्टमचा कारकून, सार्डिन मासे डब्यात भरणारे दोघे भाऊ, शाळामास्तर. सगळ्यात खालचे सूर काढणारा डबल बास नव्हताच. त्याचे सूर नगरपालिकेच्या बँडातला ट्यूबावाला आपल्या पितळी भोंग्यातून फुंकायचा. पहिली सिंफनी बसवायला चौदा महिने लागले. "आणि व्हायोलिनांना बांगड्याचा वास," ते सांगायचे. "माद्रिदहून पाहुणा मेस्त्रो आला तो नाकाला रुमाल लावून उभा राहिला. आम्हाला कळेना एका हाताने ताल कसा देतोय."

मला त्या वासाचं काय कौतुक? आमच्याकडेही मासळी सुकत घातलेली असते तेव्हा व्हायोलिन घराबाहेर काढायची सोय नसते. मी त्यांना पप्पांचं सांगितलं. पप्पांना नोटेशन वाचता येत नव्हतं. ऐकायचे आणि वाजवायचे. मी मुंबईला शिकायला लागले तेव्हा मला त्यांची लाज वाटायची. मैत्रिणींना मी सांगायची की पप्पा फक्त हौसेखातर वाजवतात.

"त्यांना कळलं होतं का?" डॉन सेल्सोंनी विचारलं.

"बहुतेक."

"हं," ते म्हणाले. "पुन्हा सांग. मघाच्या ओळीपासून."

एप्रिलच्या अखेरीला सगळी रचना त्यांच्या डोक्यात बसली. तालमी सुरू झाल्या आणि डॉन सेल्सोंना फ्लू झाला नाही. ओलायाने एकदा मागे वळून भुवई उंचावली, बस्स. मी पानं अगदी वेळेवर उलटत होते, त्यांना काही उपयोग नव्हता तरी. मेस्त्रो काही बदल सांगायचे, मी पेन्सिलीने खूण करायची आणि हळूच त्यांच्या कानात सांगायची. झाकली मूठ सव्वा लाखाची.

कार्यक्रम रविवारी दुपारी बाराला होता. तिकडे रविवारी सकाळची प्रार्थना आटोपून लोक संगीत ऐकायला येतात आणि मग जेवायला जातात. शनिवारी सकाळी शेवटची तालीम झाली. तालमीच्या शेवटच्या अर्ध्या तासात नगरपालिकेचा एक माणूस आला आणि डॉन सेल्सोंना बाहेर घेऊन गेला. वर्तमानपत्राला महापौरांबरोबर त्यांचा फोटो हवा होता. ते गेले, आणि मेस्त्रोंना वाटलं की तिसऱ्या भागात मधेच रचना सैल पडतेय. त्यांनी संगीतकार बाईंना विचारलं, त्यांनी मान हलवली. "दोनशे बारा ते दोनशे तेवीस, कापा," मेस्त्रो म्हणाले.

म्हणजे बारा बार. उभ्या रेघांमधल्या एकेका घराला आम्ही बार म्हणतो. मूळ रचनेत सगळ्यांचा मोठा सूर संपला की दुसऱ्या व्हायोलिनांनी अगदी हळू, पाणी सरकावं तसं चार बार एकट्यांनीच वाजवायचं, मग व्हायोलांनी, म्हणजे व्हायोलिनच्या थोरल्या बहिणींनी, ते उचलायचं. आता तो सगळा तुकडाच गेला. मोठ्या सुरानंतर शांतता आणि मग एकटी क्लॅरिनेट.

मी पेन्सिल काढली. दोनशे बारावर जाड चौकोन, आडवी रेघ, दोनशे चोविसावर बाण. अगदी नीट. शेजारचा जागेवर नसेल तर त्याला परत आल्यावर कळावं, म्हणूनच तर ती खूण असते. माझ्या हाताने त्याचं काम केलं, पेन्सिल स्टँडवर ठेवली, आणि माझ्या डोक्यातून ती गोष्ट गेली. डॉन सेल्सो परतले तोवर तालीम सुटली होती. महापौरांच्या हाताला घाम येतो, असं ते सांगत होते. मी हसले, आम्ही जिना उतरलो, मी माझ्या घरी गेले, काळा ड्रेस इस्त्री केला आणि झोपले. सबंध शनिवार माझ्या हातात होता. आजही मला त्या इस्त्रीचा राग येतो.

रविवारी सभागृह भरलं होतं. डॉन सेल्सोंनी जुना काळा कोट घातला होता, खिशाला पांढरं फूल. माझ्याकडे, म्हणजे माझ्या कानाकडे बघून ते म्हणाले, "घाबरली नाहीस ना?"

"नाही. तुम्ही?"

"मी पंधरा वर्षांचा आहे आज," ते म्हणाले.

पहिला भाग नीट पार पडला. दुसरा तर सुरेख. मी मधेच वाजवायचं सोडून त्यांच्याकडे बघावं असं वाजवत होते ते. तिसऱ्या भागात सगळा ऑर्केस्ट्रा चढत चढत त्या मोठ्या सुराकडे निघाला. मी पान उलटलं, आणि समोर माझ्याच हाताचा जाड काळा चौकोन.

डॉन सेल्सोंना कापलेलं सांगायचं राहिलंच होतं. पण सांगू कधी? सांगू कसं? गज खाली यायला आणि मोठा सूर लागायला एकच गाठ पडली. सूर वाजला आणि थांबला. सबंध सभागृह श्वास रोखून गप्प. आणि त्या शांततेत डॉन सेल्सोंनी गज उचलला आणि अगदी हळू, पाणी सरकावं तसं, ते वाजवायला लागले.

एकटे.

मी विचार केला असं म्हणणं खोटं ठरेल. माझा गज आधीच तारांवर होता. पुढच्याच सुराला मी त्यांच्याबरोबर होते. मनात एवढंच आलं की हा माणूस एकटा चुकता कामा नये. दोघं चुकले तर चूक माझी म्हणता येईल. आम्ही चारही बार वाजवले. मेस्त्रोंचा हात हवेत तसाच. क्लॅरिनेटवाला तोंडाशी वाद्य धरून थिजलेला. ओलायाची मान ताठ, पण तिने मागे बघितलं नाही. चार बार संपले, डॉन सेल्सो थांबले, व्हायोलांची वाट बघत. व्हायोला आल्या नाहीत. त्यांचा चेहरा मी बघितला. त्यांना तेव्हा कळलं. मेस्त्रोंनी हात खाली आणला, क्लॅरिनेट सुरू झाली आणि रचना पुढे गेली.

श्रोत्यांना काहीच कळलं नाही. नवीन रचना, त्यांना काय ठाऊक? सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते. मेस्त्रोंनी डॉन सेल्सोंकडे हात करून त्यांना उठायची खूण केली. मी म्हटलं, "उठा, तुम्हाला बोलावताहेत." ते उठले. फुलं मिळाली. आम्ही सगळ्यांनी गज स्टँडवर वाजवून त्यांना मान दिला, तिथली रीत आहे तशी. ते हसत होते, पण मिशीखालचे ओठ पांढरे पडले होते.

आत गेल्यावर मेस्त्रो सरळ आमच्याकडे आले. आवाज चढवला नाही. "काय झालं?"

"माझं चुकलं," मी म्हटलं. "मी कापलेलं विसरले आणि वाजवायला लागले. डॉन सेल्सो माझ्यामागे आले."

मेस्त्रोंनी डॉन सेल्सोंकडे बघितलं. डॉन सेल्सो फुलं हातात धरून उभे होते. ते काही बोलले नाहीत. ओलाया भिंतीला टेकून माझ्याकडे बघत होती. "रेडिओवाल्यांनी ध्वनिमुद्रण केलंय," मेस्त्रो म्हणाले, "कायमचं राहील ते." आणि निघून गेले.

मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? चूक मीच अंगावर घेतली होती, तरी आत कुठेतरी वाटत होतं की त्यांनी निदान माझ्या खांद्यावर हात ठेवावा.

धक्क्यावर ऊन होतं. लोक जेवणाआधीची व्हर्मूथ वाइन पीत उभे होते. डॉन सेल्सो माझा हात धरून चालत बोटींपर्यंत आले आणि एका बाकावर बसले. फुलं त्यांनी शेजारी ठेवली.

"कधी कापलं?"

"काल. तुम्ही फोटोला गेला होतात. मी खूण केली आणि सांगायला विसरले. मला माफ करा."

"ते होतं," ते म्हणाले. "ते कोणाचंही होईल. पण तू वाजवलंस का?"

"तुम्ही एकटे पडू नये म्हणून."

त्यांनी मान हलवली. मग इतक्या हळू बोलले की मला वाकावं लागलं. "इनेस, एक सूर वाजवला आणि मला कळलं होतं काहीतरी चुकलंय. इतकी शांतता कशी? गज तारेवरून उचलणारच होतो. एका सुराने काय होतं? कोणी खोकलं असं समजले असते सगळे. तेवढ्यात तू आलीस. कागद तुझ्यासमोर, डोळे तुला. मला वाटलं, ही वाजवतेय म्हणजे आपण बरोबर, बाकीचे चुकले." ते थांबले. "तू थांबली असतीस तर मला ऐकू आलं असतं."

मी रडायला लागले. भर धक्क्यावर, वसईच्या बाजारात चुकलेल्या पोरीसारखी. माझ्या दयेने त्यांचं एका सुराचं चुकणं चार बारांचं केलं होतं, तेही कायमचं मुद्रित.

"रडू नकोस," ते म्हणाले. "मलाच लाज वाटतेय. आत मी बोलायला हवं होतं. महापौर होते, फुलं होती, धीर झाला नाही. मोठ्या घोळक्यात बसून जन्मभर वाजवणारे आम्ही सगळे थोडे भित्रेच असतो."

सोमवारी आम्हाला सुट्टी असायची. मंगळवारी सकाळी ओलायाने मला तिच्या खोलीत बोलावलं. मला वाटलं, आटोपलं. जूनपर्यंतही वाट बघणार नाहीत.

"सेल्सो काल आला होता," ती म्हणाली. "सुट्टीच्या दिवशी माझ्या घरी, एकटा, भिंत चाचपत. सगळं सांगून गेला. डोळे, स्वयंपाकघर, तुझं गाणं. हंगामाचे तीन कार्यक्रम राहिलेत, ते तो वाजवणार नाही. त्याच्याबरोबर चांगली वादक चुकीचं वाजवते, म्हणाला, म्हणून त्याने उठायला हवं."

मी व्हायोलिनची पेटी खाली ठेवली.

"कापलेलं विसरलीस ती चूक मी सोडून देते," ओलाया म्हणाली. "दुसरी नाही सोडणार. शेजारचा चुकला की गप्प राहायचं. तेवढ्याने तो सावरतो. पुन्हा असं केलंस तर मी स्वतः तुझ्याविरुद्ध मत देईन."

"पुन्हा म्हणजे?"

"म्हणजे आज तालीम आहे. जा, व्हायोलिन लाव. बाहेरच्या खुर्चीवर बस."

जूनमध्ये मी पक्की झाले. डॉन सेल्सो त्यानंतर अकरा वर्षं जगले. दर रविवारी यायचे, वरच्या सज्जात बसायचे आणि खाली आल्यावर मी कुठे घाई केली ते सांगायचे. त्या चार बारांबद्दल आम्ही कधीही बोललो नाही. मला वाटायचं, त्यांचा मोठा दिवस मी नासवला, त्यावर मीठ कशाला चोळायचं? ते ध्वनिमुद्रण मी कधीही ऐकलं नाही. ऑर्केस्ट्राने सगळ्यांना एकेक तबकडी दिली होती. माझी मी कपाटाच्या तळाशी टाकली.

गेल्या वर्षी मी निवृत्त होऊन वसईला परतायची आवराआवर करत होते तेव्हा नीवेस भेटायला आली. तीही आता म्हातारी झालीय. बोलता बोलता मी तिला विचारलं, "तुझ्या मामाने ती तबकडी फेकून दिली असेल ना?"

"फेकून?" ती म्हणाली. "अगं, डोकं उठवलं होतं आमचं त्या तबकडीने! घरी कोणीही येवो, पोस्टमन, पाद्री, गॅसवाला, त्याला खुर्चीवर बसवायचा आणि तेवढीच जागा लावायचा. ती शांतता होते ना, तिथून. आणि विचारायचा, सांगा, किती व्हायोलिनं वाजताहेत?"

"मग?"

"सगळे म्हणायचे, एक. हा म्हणायचा, दोन! मग हा असा खुश व्हायचा की विचारू नकोस. लहान मुलासारखा. दिवसभर मिशी पिळत हिंडायचा."

नीवेस गेल्यावर मी कपाट उपसलं, तबकडी काढली, पुसली आणि लावली. मोठा सूर आला आणि थांबला. मी डोळे मिटून ऐकलं.

एकच वाजतंय.